रापणीचा हिशेब: मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंधुदुर्गातल्या एखाद्या छोट्या गाबित (म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या) वाडीत इंजिनाच्या होड्या येण्याआधी मासेमारी कशी चालायची, रापण म्हणजे नेमकं काय, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत ती इतकी आटली कशामुळे? वाडीचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला हे तिन्ही एकत्रच समजून घ्यावं लागतं.

रापण हे जाळ्याचं नाव. ते ओढायच्या पद्धतीलाही रापणच म्हणतात, आणि ती ओढणाऱ्या माणसांच्या गटालाही. ‘अमक्यांची रापण’ म्हटलं की त्यात जाळं आलं, होडी आली, पाच-पन्नास माणसं आली आणि त्यांचे वाटेही आले. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रापण माशाच्या मागे जात नाही, मासा किनाऱ्याशी येईपर्यंत थांबते. जाळ्याची लांबी, माणसांची संख्या, वाट्यांचे नियम आणि शेवटी रापणीची पडझड, सगळं या थांबण्यातूनच समजतं.

आधी जागा. रापण कुठेही टाकता येत नाही. तळ वाळूचा हवा, उतार हळू हवा आणि पाण्याखाली खडक नको. म्हणून देवबाग-तारकर्ली, तळाशील-तोंडवळी, वेंगुर्ल्याचा उभादांडा, शिरोडा या लांबलचक पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, रापणीच्या. मालवण बंदरासमोर, सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे त्याच्या आसपास, तळ खडकाळ आहे. तिथे जाळं ओढलं तर फाटणारच. अशा ठिकाणी गरी म्हणजे गळ चालतो, कांडाळ म्हणजे मासा अडकवणारं उभं जाळं चालतं. त्यामुळे दोन कोसांवरच्या दोन वाड्यांची मासेमारी पूर्वीपासून वेगळी असू शकते. इतिहास लिहिताना पहिल्यांदा तळ बघावा.

मुंबई-वसई-सातपाटीकडे रापणीऐवजी डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, का, हेही इथेच कळतं. तिकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, ओढ जोराची असते. खुंटाला बांधलेल्या डोलीच्या तोंडातून प्रवाहच बोंबील आणि जवळा आत ढकलतो. मालवणकडे उधाणाची चढउतार साधारण दोन-अडीच मीटरची. एवढ्या ओढीवर डोल भरत नाही. इथे जाळं माणसांनीच ओढावं लागतं.

आता जाळं. पूर्ण रापण साधारण पाचशे मीटरपासून किलोमीटरपर्यंत लांब असते. ती एकसंध नसते, तुकडे जोडून होते. अनेक ठिकाणी प्रत्येक घराने आपला तुकडा विणून आणायचा आणि तो मोठ्या जाळ्यात जोडायचा अशी रीत होती. हे लक्षात ठेवा, पुढे वाट्यांच्या वेळी लागेल. मधला भाग जाड धाग्याचा आणि बारीक आसाचा (आस म्हणजे जाळ्याचं भोक), कारण शेवटी सगळा मासा आणि सगळं वजन तिथेच येतं. दोन्ही बाजूंच्या पंखांची आस मोठी होत जाते आणि उंची कमी होत जाते. पंखांचं काम मासा धरायचं नसून वळवायचं असतं. तिथेही बारीक आस घातली तर पाण्याचा अडथळा एवढा वाढतो की जाळं ओढवत नाही. आस मोजताना ती पूर्ण ताणून गाठीपासून गाठीपर्यंत मोजायची, नाहीतर दोन जाळ्यांची तुलना फसते.

जाळं दोराला बांधतानाची चूक ओढेपर्यंत लक्षात येत नाही. शंभर मीटर दोरावर शंभर मीटर जाळं ताणून बांधलं तर आस मिटलेली राहते. दीडशे ते दोनशे मीटर ताणलेलं जाळं शंभर मीटर दोरावर चुण्या देत बांधलं की आस उघडते आणि जाळ्याला पोट सुटतं. ताठ बांधलेल्या जाळ्यावर मासा धडकून मागे वळतो, पोट सुटलेल्या जाळ्यात शिरतो. उंचीचंही तसंच. जिथे मधला भाग पडणार तिथल्या पाण्याच्या खोलीपेक्षा जाळ्याची उंची जास्तच हवी. वरचा दोर पाण्यावर आणि खालचा वाळूवर, असं दोन्ही टेकलं तरच ती भिंत होते.

वरच्या दोराला पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचे तरंगते तुकडे बांधत, खालच्या दोराला दगड किंवा शिशाचे मणी. दोर काथ्याचे. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात सहा ते दहा महिने कुजवायची, मग कुटून काथ्या काढायचा आणि वळायचा. खाऱ्या पाण्यात काथ्या टिकतो, म्हणून माडांची राई आणि रापण शेजारी शेजारी दिसतात. जाळं मात्र सुताचं किंवा तागाचं, आणि ते कुजायचं. ओलं जाळं ढीग करून रात्रभर ठेवलं की आतून तापतं आणि सकाळी हाताने ओढलं तरी तुटतं. त्यावर उपाय म्हणजे साल. ऐनाची साल ठेचून मोठ्या भांड्यात उकळायची, पाणी गडद तांबडं झालं की त्यात जाळं भिजत घालायचं आणि सुकवायचं. सालीतला तुरट अंश सुतात मुरतो आणि कूज लांबवतो. काथाच्या पाण्यानेही हेच साधतं. हे एकदा करून भागत नाही, हंगामात पुन्हा पुन्हा करावं लागतं. होडीच्या लाकडाला उंडीचं किंवा माशाचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल. वाडीचा निम्मा वेळ समुद्रावर नव्हे, जाळं वाळवण्यात, सांधण्यात आणि साल लावण्यात जायचा. लिहिलेल्या इतिहासात हा भाग जवळजवळ नसतोच, म्हणून मुद्दाम सांगतो.

हंगाम नारळी पौर्णिमेनंतर. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याजवळ खालचं थंड, खतासारखं सकस पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यामागे तारली आणि बांगडा थव्यांनी किनाऱ्याकडे सरकतात. समुद्र शांत झाला की रापणीचा खरा काळ सुरू होतो, तो साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

पाण्याची वेळ तिथीवरून. आडाखा सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा ताशी अंदाज. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालायचं, पण घड्याळाशिवाय काम भागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त, जाळं एका अंगाला वाहून जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी; तेव्हा पाणी मंद, ओढायला सोपं. तरी थवा दिसला की भांगाची वाट कोण पाहणार?

थवा ओळखणारा माणूस रापणीतला सगळ्यात मोलाचा. तो उंचवट्यावर किंवा माडावर चढून पाहतो. पाण्यावर ढगाच्या सावलीसारखा गडद पट्टा दिसतो, पण ढग सरकला तरी तो जागचा हलत नाही. वारा नसताना तेवढ्याच पाण्यावर बारीक थरथर असते. वरून पक्षी सूर मारतात. काळोख्या पंधरवड्यात रात्री थवा हलला की पाणी आतून निळसर उजळतं, कारण हलवल्यावर चमकणारे सूक्ष्म जीव पाण्यात असतात. म्हणून चांदण्यापेक्षा अंधाऱ्या रात्री जास्त उपयोगाच्या.

खूण मिळाली की एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या गटाच्या हातात राहतो. होडीत जाळं आधीच उलट क्रमाने रचलेलं असतं, शेवटचं तळाशी, पहिलं वर. आठ-दहा माणसं वल्ही मारत थव्याच्या बाहेरून अर्धवर्तुळ घेतात, दोघं-तिघं जाळं सोडत जातात. वरचा आणि खालचा दोर एकमेकांत अडकू न देता सोडणं हे या कामातलं कसब. एकदा पीळ पडला की त्या जागी जाळं उभं राहत नाही आणि नेमका तिथूनच मासा सुटतो. होडी दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन दोन-चारशे मीटर अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही गट ओढायला लागतात आणि ओढता ओढता एकमेकांकडे सरकतात. जाळ्याच्या आणि पाण्याच्या मानाने यात दोन ते चार तास जातात.

ओढताना दोन्ही बाजू सारख्या चालायला हव्यात. एक बाजू पुढे गेली की मधला भाग सरकतो, मासा पंखात येतो आणि मोठ्या आसातून निघून जातो. म्हणून एक जाणता मध्ये उभा राहून हात करत असतो: ही बाजू थांबा, ती ओढा. दुसरं, घाई नको. जोरात ओढलं की खालचा दोर वाळू सोडतो, आणि तळाचा मासा, लेपा, कोळंबी, खालून जाते. शेवटच्या टप्प्यात काहीजण गळ्याइतक्या पाण्यात उतरून पायाने खालचा दोर वाळूत दाबतात, काहीजण वरचा दोर पाण्यावर उचलून धरतात, कारण बोयसारखा मासा उडी मारून पलीकडे जातो. जेलीफिशचे थवे आले तर मासा कमी आणि वजन प्रचंड, त्यात अंगाला खाज. केंड मासे आले तर दातांनी जाळं तोडतात. ही दोन संकटं ओळखून जाळं न टाकणं हाही अनुभवाचाच भाग.

मासा फारच आला तर एकदम बाहेर ओढायचा नाही. पाण्यात मासा तरंगतो, वाळूवर आला की त्याचं सगळं वजन जाळ्यावर पडतं आणि मधला भाग फुटतो. अशा वेळी टोकं किनाऱ्यावर बांधून जाळं कमरेइतक्या पाण्यात तसंच उभं ठेवत, बाहेरून दुसरं जाळं लावत, आणि लहान जाळ्याने लागेल तेवढा मासा काढत. एक-दोन दिवससुद्धा असं चाले. बर्फ नसलेल्या काळातलं हे जिवंत शीतगृहच. यात शहाणपण होतं, कारण बांगडा उन्हात चार तास पडला तर त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात.

मिठाचा हिशेब करून पाहा. हातभर नव्हे, वीतभर लांबीचा बांगडा साधारण १२५ ते १५० ग्रॅमचा, म्हणजे किलोला सात-आठ. दहा टन बांगडा आला तर सत्तर-ऐंशी हजार मासे. चार भाग माशाला एक भाग मीठ असं हात राखून धरलं तरी अडीच टन मीठ हवं. तेही त्याच दिवशी. पोट चिरून आतडी-कल्ले काढायचे, पोटात आणि कल्ल्यांच्या जागी मीठ भरायचं, थर लावायचे, एक-दोन दिवसांनी खारवणीच्याच पाण्यात धुऊन दोन-तीन दिवस उन्हात. मीठ कमी पडलं की मासा आतून कुजतो. मीठ अस्वच्छ असेल तर काही दिवसांनी वर गुलाबी थर धरतो, तो खारटपणात वाढणाऱ्या जिवाणूंचा. तारलीत तेल जास्त, म्हणून ती तांबूस पडते आणि खवट होते, फार दिवस टिकत नाही. जास्तीची तारली माडांच्या आळ्यात खत म्हणून जायची ती यामुळेच. हे सारं काम, आणि लिलावात मासा घेऊन पाटी डोक्यावर धरून बाजार गाठणं, बायकांचं. किती मासा धरायचा हे पुरुषांच्या हातांपेक्षा मीठ आणि बायकांचे हात ठरवत. इंग्रजांच्या मीठकराचा भार इथे सरळ पाटीवर पडे. शिरोड्याला मिठागरं होती आणि १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्या घटनेची ही बाजूही नोंदवायला हवी.

आता वाटे. पगार नाही, वाटा. आलेल्या पैशांतून आधी खर्च निघतो: दोर, दुरुस्ती, चहापाणी. उरलेल्याचे वाटे पडतात: जाळ्याचे, होडीचे आणि माणसांचे. समजा ६० हजारांचा मासा विकला, ६ हजार खर्च, उरले ५४ हजार. चाळीस माणसांचे चाळीस वाटे, जाळ्याचे दहा, होडीचे चार, एकूण चोपन्न. वाट्याला हजार रुपये. प्रमाण गावागावांत वेगळं, हे फक्त समजावण्यासाठी. जाळं घराघरांच्या तुकड्यांचं असेल तर जाळ्याचे वाटे तुकड्यांवर पडतात. मग घरात ओढायला कुणी नसलं, कुणी आजारी असलं किंवा बाई विधवा झाली, तरी तुकडा जाळ्यात असेपर्यंत घरात काहीतरी येतं. पोरांना अर्धा वाटा. आयत्या वेळी येऊन दोराला हात लावणाऱ्याला पैसे नाहीत, पण कालवणापुरता मासा मिळतो. मासळी बाजारात पाटीवर मांडलेल्या ढिगालाही ‘वाटा’च म्हणतात, हे इथे आठवतं.

या वाट्यांमुळे वाद होत नसत असं मात्र समजू नये. एकाच पुळणीवर दोन-तीन रापणी असल्या तर पाळी कुणाची, थवा आधी कुणी पाहिला, यावरून भांडणं होत. पाळ्या ठरवणं आणि मोडणाऱ्याला दंड करणं हे वाडीचं मोठं काम होतं.

रापणीच्या जोडीला इतर साधनं होतीच: एकट्या-दुकट्याची कांडाळ, खाडीत फेकायचा पाग, खडकावरची गरी, ओहोटीला तिसरे-कालवं ही शिंपली. यांनी रोजचं कालवण चाले, वर्षाचा पैसा रापणीचा.

पुढे बदल कसा झाला? पहिला बदल नायलॉनचा. साठच्या दशकात तो पसरला आणि साल, उकळणी, कूज सगळंच संपलं. नायलॉन हलका, मजबूत, कुजत नाही. त्याचा शत्रू ऊन, म्हणून तो सावलीत ठेवावा लागतो. जुनी सवय म्हणून नायलॉन जाळं दिवसदिवस उन्हात पसरलं तर ते ठिसूळ होतं. आणखी एक परिणाम झाला, त्याकडे कमी लक्ष जातं. सुताचा तुकडा घरी विणता येई, नायलॉन विकत घ्यावं लागे. ज्याच्याकडे पैसा त्याचं जाळं, आणि घराघरांचे तुकडे हळूहळू एका मालकाच्या जाळ्यात गेले. तरीही नायलॉनने रापण मोडली असं म्हणणं माझ्या मते चूक. ओढणं त्याने सोपंच केलं.

रापण मोडली ती मासा वाटेतच अडवला गेल्यामुळे. ट्रॉलर तळ खरवडत किनाऱ्याजवळ येऊ लागले. त्यानंतर पर्ससीन. हे जाळं थव्याभोवती गोल सोडतात आणि खालची दोरी आवळली की जाळ्याचा बटवा होतो. त्याला वाळू लागत नाही, उतार लागत नाही, किनारा लागत नाही. रापण थव्याची वाट पाहते, पर्ससीन थव्यापर्यंत जातं. शेजारच्या कर्नाटकात सत्तरच्या दशकाच्या मध्यात पर्ससीन आलं आणि काही वर्षांतच तिथल्या रंपणी (रापणीचंच तिकडचं नाव) बसल्या. गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले आणि १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा, आणि सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच वर्षीचा. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठरवून दिला. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दंड वाढवले. पण त्यातले ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने रापणीच्याही ऐन काळातले, हे तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तारली मुळातच लहरी आहे. काही वर्षं उदंड, मग काही वर्षं जवळजवळ नाही, हे यंत्रं येण्याआधीही होत असे. म्हणून एखाद्या वाईट वर्षाचा दोष सरसकट पर्ससीनवर टाकता येत नाही. फरक असा की पूर्वी दुष्काळानंतर थवा परत येई तेव्हा तो किनाऱ्यापर्यंत पोचत असे. ‘आताच्या पोरांना ओढायला नको’ हेही नेहमी ऐकू येतं. चाळीस माणसांनी चार तास ओढून दोन पाट्या मासा आला तर वाट्याला काय येणार? पोरं गेली ती त्यामुळे, आणि पोरं गेल्यावर पुढच्या वेळी दोराला माणूस कमी पडला. आता पुळणीवर पर्यटन आलं आहे, पाहुणेही हौसेने दोर ओढतात. मोकळी वाळू मात्र कमी झाली, आणि रापण ओढायला मागे सरकायला जागा लागतेच.

वाडीचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हाताऱ्या रापणकाराला ‘पूर्वी कसं होतं’ असं विचारू नये, उत्तर ‘खूप मासा मिळायचा’ एवढंच येतं. त्याऐवजी विचारावं: तुमच्या घराचे तुकडे किती होते, जाळ्यात कोणत्या बाजूला? मीठ कुठून यायचं, साल कुठल्या रानातली? थवा बघायला कोण चढायचं आणि कुठे? पुळणीच्या कुठल्या पट्ट्यात जाळं अडायचं? बायकांना वेगळं विचारावं: पाटी घेऊन कुठल्या बाजाराला, किती चालत, न विकलेला मासा काय करायचा? कुणाकडे जुना सुताचा तुकडा माळ्यावर निघाला तर त्याची आस ताणून मोजावी, सलग दहा आस मोजून दहाने भागावं, आणि तो मध्यभागाचा की पंखाचा हे धाग्याच्या जाडीवरून ठरवून लिहून ठेवावं.